घटक ४ : हॅन्स ख्रिश्चन अँडरसन – जीवन आणि बालकथेतील आत्मशोध

उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला :
• हॅन्स ख्रिश्चन अँडरसन यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• त्यांच्या जीवनानुभवाचा आणि कथांचा संबंध स्पष्ट करता येईल.
• ‘मी कोण आहे’ हा प्रश्न बालसाहित्यात कसा आला, याचे विवेचन करता येईल.
• ‘कुरूप बदकपिल्लू’ या कथेचे चिकित्सक वाचन करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण बोधप्रधान बालसाहित्याचा परिचय करून घेतला. मुलांनी आज्ञाधारक व्हावे, सद्गुण अंगी बाणवावेत, हा त्या साहित्याचा मुख्य हेतू होता. अशा कथांतील मूल शहाणे असते किंवा खोडकर असते. त्याला शिक्षा तरी मिळते किंवा बक्षीस तरी मिळते. आपण इतरांसारखे का नाही, आपल्याला कोणी जवळ का करत नाही, आपली खरी जागा कोणती, हे प्रश्न मात्र त्या मुलाला पडत नाहीत. वास्तवात ते प्रत्येक मुलाला कधी ना कधी पडतात आणि किशोरवयात तर ते फारच तीव्र होतात.

हे प्रश्न बालकथेच्या केंद्रस्थानी आणणाऱ्या लेखकांत डॅनिश कथाकार हॅन्स ख्रिश्चन अँडरसन यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांनी लिहिलेल्या कथांची संख्या दीडशेच्या वर जाते. त्यांतील कितीतरी कथा जगभरातील मुलांना लेखकाचे नाव माहीत होण्याआधीच माहीत झालेल्या असतात. या कथा वाचताना लेखकाचे चरित्र जाणून घेणे उपयुक्त ठरते, कारण स्वतःच्या जन्माविषयी, रूपाविषयी आणि समाजातील स्थानाविषयी वाटणारी अस्वस्थता ही त्यांच्या लेखनाची प्रमुख प्रेरणा होती.

४.२ ओडेन्समधील बालपण

हॅन्स ख्रिश्चन अँडरसन यांचा जन्म २ एप्रिल १८०५ रोजी डेन्मार्कमधील फ्यून बेटावरच्या ओडेन्स या गावी झाला. वडील चप्पल-बूट शिवणारे गरीब कारागीर होते. आई लोकांचे कपडे धुण्याचे काम करी. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. लहानपणी तिला भीक मागण्यासाठी घराबाहेर पाठवले जाई. या आठवणीची छाया पुढे ‘काडेपेट्या विकणारी मुलगी’ या कथेवर पडली.

घरात दारिद्र्य होते, तरी पुस्तकेही होती. वडिलांना वाचनाची विलक्षण ओढ होती. शिकता आले नाही, ही खंत त्यांच्या मनात कायम राहिली. ते मुलाला ‘अरेबियन नाइट्स’मधील गोष्टी आणि डॅनिश नाटककार होल्बर्ग यांची नाटके वाचून दाखवीत. त्यांनी मुलासाठी एक खेळण्यातले रंगमंच तयार केले होते. हॅन्स आपल्या बाहुल्यांसाठी कपडे शिवत बसे आणि त्यांच्याकडून नाटके करवून घेई. आजी ज्या रुग्णालयाच्या बागेत काम करी, तेथील सूत कातणाऱ्या म्हाताऱ्या बायकांकडून त्याने लोककथा ऐकल्या. मुद्रित ग्रंथ आणि मौखिक परंपरा हे दोन्ही प्रवाह अशा रीतीने त्याच्यापर्यंत बालपणीच पोहोचले.

आजोबांना वेड लागले होते. ते लाकडाच्या विचित्र आकृती कोरीत गावातून फिरत आणि मुले त्यांची टर उडवीत. हे रक्त आपल्यातही आहे, आपलेही असेच होईल, ही भीती हॅन्सच्या मनात तेव्हापासून बसली आणि आयुष्यभर गेली नाही. त्याचे स्वतःचे रूपही चारचौघांत उठून दिसणारे होते. उंच व किडकिडीत शरीर, मोठे नाक, लांब हातपाय. मुलांच्या खेळात तो रमत नसे. गोड आवाजात गाणारा आणि स्वतःशीच नाटके करणारा हा मुलगा गल्लीतल्या पोरांच्या चेष्टेचा विषय झाला होता.

नेपोलियनच्या युद्धकाळात वडिलांनी दुसऱ्याच्या बदली पैसे घेऊन सैन्यात नोकरी पत्करली. ते परतले तेव्हा प्रकृती ढासळली होती. १८१६ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. दोन वर्षांनी आईने दुसरा विवाह केला. मुलाने शिंपीकाम शिकावे, अशी तिची इच्छा होती. मुलाला मात्र नाटकात जायचे होते.

४.३ कोपनहेगनमधील उमेदवारी

सप्टेंबर १८१९ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, थोडेसे साठवलेले पैसे घेऊन हॅन्स एकटाच राजधानी कोपनहेगनला गेला. तेथे त्याची कोणाशीही ओळख नव्हती. रॉयल थिएटरमध्ये त्याने गायक, नर्तक आणि नट अशा तिन्ही वाटा चोखाळून पाहिल्या. काहींना त्याच्या आवाजाचे कौतुक वाटले, पण वयानुसार तो आवाज फुटला. नृत्यासाठी त्याचे शरीर बेढब ठरले. त्याने लिहिलेली नाटके व्याकरणाच्या आणि शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेली असल्यामुळे नाकारली गेली.

या तीन वर्षांत तो अनेकदा उपाशी राहिला. ओळखीपाळखीच्या घरी जाऊन तो गाणी म्हणे, संवाद म्हणून दाखवी. लोक त्याला ऐकत, हसत आणि कधी मदतही करीत. आपल्याकडे पाहून लोकांना नेमके काय वाटते, कौतुक की गंमत, हे त्याला कधीच निश्चित कळत नसे. ही अनिश्चितता त्याच्या स्वभावाचा भाग बनली. प्रौढपणी कीर्ती मिळाल्यावरही एखाद्या साध्या टीकेने ते व्याकूळ होत, याचे मूळ येथे शोधता येते.

अखेर थिएटरच्या संचालकांपैकी एक, योनास कोलिन, यांनी या मुलातील गुण हेरले. आधी त्याला शिक्षण द्यावे, असे त्यांचे मत पडले. त्यांच्या प्रयत्नाने राजकोशातून खर्चाची सोय झाली आणि १८२२ मध्ये हॅन्सची रवानगी स्लागेल्से येथील शाळेत झाली.

४.४ शाळेतील वर्षे

सतरा वर्षांचा हॅन्स त्याच्याहून कितीतरी लहान मुलांच्या वर्गात बसू लागला. उंचीमुळे तो बाकावर मावत नसे. मुख्याध्यापक सिमोन मायस्लिंग हे विद्वान होते, पण वर्तनाने कठोर होते. सर्वांसमक्ष उपहास करणे ही त्यांची शिकवण्याची रीत होती. हॅन्सने कविता लिहू नये, अशी त्यांची सक्त ताकीद होती. पुढे मायस्लिंग यांची बदली हेल्सिंगोरला झाली. हॅन्सही त्यांच्यासोबत गेला आणि त्यांच्याच घरी राहू लागला. त्यामुळे शाळा सुटली तरी उपहास सुटत नसे. १८२७ च्या सुमारास त्याने मरणासन्न बालकाच्या मनोगतावर एक कविता लिहिली. ती पुढे बरीच लोकप्रिय झाली. मुख्याध्यापकांनी मात्र तिची निर्भर्त्सना केली. कोलिन यांनी अखेर त्याला तेथून काढून कोपनहेगनमध्ये खाजगी शिकवणी लावून दिली. १८२८ मध्ये तो विद्यापीठ प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाला.

या शिक्षणाचा परिणाम दुहेरी झाला. त्यामुळे अँडरसन यांना भाषा मिळाली आणि सुशिक्षित समाजाचे दार उघडले. दुसरीकडे, आपण जसे आहोत तसे पुरेसे नाही, आपल्याला घडवून-सुधारून घ्यावे लागेल, हा संदेश त्यांच्या मनावर खोल कोरला गेला. वृद्धापकाळीही मायस्लिंग त्यांच्या स्वप्नात येत, असे त्यांच्या दैनंदिनीवरून दिसते.

आपली प्रगती तपासा – १
१) अँडरसन यांच्यावर मौखिक कथापरंपरेचा संस्कार कोणत्या मार्गांनी झाला?
२) शालेय शिक्षणाचा त्यांच्यावर झालेला दुहेरी परिणाम थोडक्यात लिहा.

४.५ कथालेखनाचा प्रारंभ

१८२९ पासून अँडरसन यांचे प्रवासवर्णन, नाटक व कविता असे लेखन प्रसिद्ध होऊ लागले. १८३३ मध्ये राजाकडून मिळालेल्या शिष्यवृत्तीवर त्यांनी जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड व इटली असा प्रवास केला. ते इटलीत असताना ओडेन्समध्ये आईचे निधन झाल्याची वार्ता त्यांना कळली. अखेरच्या काळात ती मद्याच्या आहारी गेली होती आणि निराधारांच्या आश्रयाने राहत होती. थंड पाण्यात तासन्‌तास उभे राहून कपडे धुणाऱ्या स्त्रीला समाज किती सहज नालायक ठरवतो, यावर पुढे त्यांनी एक स्वतंत्र कथा लिहिली. आईविषयीची लाज आणि तिच्याविषयीची माया या दोन्ही भावनांशी त्यांनी त्या कथेत हिशेब केला आहे.

१८३५ या वर्षी त्यांची इटलीच्या पार्श्वभूमीवरील ‘द इम्प्रोव्हायझेटर’ ही कादंबरी गाजली. त्याच वर्षाच्या मे महिन्यात मुलांसाठी सांगितलेल्या परीकथांची एक छोटी पुस्तिका निघाली. तिच्यात ‘चकमकीची डबी’, ‘राजकन्या आणि वाटाणा’ यांसह चार कथा होत्या. समीक्षकांना त्या फारशा रुचल्या नाहीत. भाषा बोलण्यातली आहे, ग्रंथाला शोभणारी नाही, आणि कथांतून बोध मिळत नाही, असे दोन मुख्य आक्षेप होते. आज हेच दोन गुण त्यांचे मोठे योगदान मानले जातात. मूल समोर बसले आहे आणि त्याला गोष्ट सांगितली जात आहे, अशी वाक्यरचना त्यांनी छापील गद्यात आणली. बोध सांगण्याऐवजी त्यांनी पात्राच्या मनात काय चालले आहे ते दाखवले. विद्युतचुंबकत्वाचा शोध लावणारे शास्त्रज्ञ हान्स क्रिश्चन ओर्स्टेड हे त्यांचे स्नेही होते. या कथांचे मोल ओळखणाऱ्या पहिल्या काही वाचकांत त्यांचा समावेश होतो.

४.६ प्रेम, मैत्री आणि ‘छोटी जलपरी’

कोलिन कुटुंबाने अँडरसन यांना घरच्यासारखे वागवले, परंतु पूर्णपणे घरचे मानले नाही. योनास कोलिन यांचा मुलगा एडवर्ड याच्याविषयी अँडरसन यांना उत्कट ओढ होती. डॅनिश भाषेत मराठीतील ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांसारखा भेद आहे. १८३१ मध्ये अँडरसन यांनी एडवर्डला परस्परांना ‘तू’ म्हणण्याची विनंती केली. एडवर्डने ती नम्रपणे पण ठामपणे नाकारली. एका सर्वनामाच्या नकारातून आपण या घरात नेमके कोठे उभे आहोत, हे अँडरसन यांना कळले. हा सल त्यांना जन्मभर राहिला. रिबोर्ग वॉइट ही तरुणी आणि पुढे स्वीडनची विख्यात गायिका येनी लिंड यांच्यावरही त्यांचे प्रेम होते. रिबोर्गचा विवाह आधीच ठरला होता. येनी लिंड यांनी त्यांना भाऊ मानले. अँडरसन अविवाहित राहिले.

१८३६ मध्ये एडवर्डचा विवाह झाला. त्याच सुमारास ते ‘छोटी जलपरी’ ही कथा लिहीत होते आणि १८३७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. समुद्रतळाशी राहणारी जलपरी मानवी राजपुत्रावर प्रेम करते. पाय मिळावेत म्हणून ती आपला आवाज देऊन टाकते. प्रत्येक पाऊल टाकताना तिला सुऱ्यांवर चालल्यासारख्या वेदना होतात. राजपुत्र तिच्यावर माया करतो, पण विवाह दुसरीशी करतो. त्याला मारून स्वतःचे पूर्वरूप परत मिळवण्याची संधी तिच्यापुढे येते आणि ती ती नाकारते. दुसऱ्यांच्या जगात स्वीकारले जाण्यासाठी स्वतःमधील सर्वांत मोलाची गोष्ट गमवावी लागते आणि तरीही स्वीकार होईलच याची खात्री नसते, हा या कथेचा गाभा आहे. अनेक अभ्यासकांनी तिचा संबंध लेखकाच्या अव्यक्त प्रेमाशी जोडला आहे. हा संबंध लक्षात घ्यावा, मात्र कथेचा अर्थ तेवढ्यापुरता सीमित करू नये. शाळा, भाषा किंवा गाव बदलताना स्वतःचा आवाज हरवलेल्या कोणत्याही किशोरवयीन वाचकाला ही कथा आपली वाटू शकते.

४.७ ‘कुरूप बदकपिल्लू’ : एक जवळचे वाचन

१८४३ च्या अखेरीस प्रकाशित झालेल्या नव्या कथांच्या पुस्तिकेत ही कथा आली. याच पुस्तिकेपासून ‘मुलांसाठी सांगितलेल्या’ हे शब्द शीर्षकातून गळाले. या कथा प्रौढांसाठीही आहेत, असे लेखकाने त्यातून सुचवले. कथेचे आधीचे नियोजित शीर्षक हंसाच्या पिलांचा उल्लेख करणारे होते. त्यामुळे शेवट आधीच उघड झाला असता, म्हणून ते बदलले.

कथेतील अंगण हे समाजाचे छोटे रूप आहे. तेथे उच्च कुळातील एक म्हातारी बदकी असून तिच्या पायाला मानाची लाल चिंधी बांधलेली आहे. सर्वांनी तिच्यापुढे मान लववायची असते. उशिरा फुटलेल्या मोठ्या अंड्यातून निघालेले पिल्लू वेगळे दिसते, एवढाच त्याचा अपराध. इतर पक्षी त्याला टोचतात. आरंभी त्याची बाजू घेणारी आईही अखेर ते दूर गेले तर बरे, असे म्हणू लागते. पिल्लू पळून जाते. एका झोपडीत मांजर आणि कोंबडी त्याला विचारतात की तुला अंडी घालता येतात का, गुरगुरता येते का. त्याला पोहायला आवडते, ही गोष्ट त्यांना वेडेपणाची वाटते. दुसऱ्यांच्या मोजपट्टीने स्वतःला मोजत राहिलेल्या या पिलाला स्वतःची आवडच दोषासारखी वाटू लागते. कठोर हिवाळ्यात ते बर्फात गोठते आणि एका शेतकऱ्यामुळे वाचते. वसंत ऋतूत हंस दिसतात तेव्हा ते त्यांच्याकडे मरणाच्या तयारीने जाते. मारून घेण्यासाठी मान खाली घालते आणि पाण्यात त्याला स्वतःचे प्रतिबिंब दिसते.

हा क्षण कथेचा कळस आहे. पिल्लू बदललेले आहे, पण त्याला ते ठाऊक नाही. इतरांच्या डोळ्यांतून पाहण्याची सवय सुटून त्याने स्वतःला पहिल्यांदा पाहिले, हे येथे महत्त्वाचे आहे. या कथेत आपलेच जीवन प्रतिबिंबित झाल्याचे अँडरसन यांनीही मान्य केले होते.

४.८ शेवटाविषयीचा वाद आणि मराठीतील रूप

ही कथा सर्वमान्य असली तरी तिच्या शेवटाबद्दल गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत. डॅनिश समीक्षक गेऑर्ग ब्रान्डेस यांना, मुक्त हंसाने अखेर बागेतल्या तळ्यात राहून माणसांनी टाकलेले तुकडे खावेत, हे पटले नाही. त्यांच्या दृष्टीने हा स्वातंत्र्याचा पराभव होता. राजाश्रय, सरदारांचे वाडे आणि मानसन्मान यांची ओढ असलेल्या लेखकाच्या चरित्राकडे पाहता हा आक्षेप वर्मी लागणारा आहे.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. पिल्लू सुखी होते, कारण ते मुळात हंसाच्या अंड्यातून जन्मले होते. मग जे पिल्लू खरोखरच बदक आहे आणि दिसायलाही साधे आहे, त्याचे काय? कथा स्वाभिमान शिकवते की उच्च जन्माचे समर्थन करते? महात्मा फुले यांच्यापासून जन्माधिष्ठित श्रेष्ठत्वाविरुद्ध विचार मांडण्याची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात हा प्रश्न विचारणे आवश्यकच आहे. याचे एक उत्तर असे देता येईल की चांभाराच्या घरी जन्मलेल्या लेखकाने हंसत्वाचा संबंध कुळाशी न जोडता अंगच्या प्रतिभेशी जोडला. अंगणातील कुलीन बदकीची त्याने थट्टाच केली आहे. तथापि, हे उत्तर अपुरे आहे. प्रतिभा नसलेल्यालाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे, हे ही कथा सांगत नाही. आत्मस्वीकाराविषयीच्या नंतरच्या बाल-किशोर साहित्याला तो मुद्दा पुढे न्यावा लागला.

या संदर्भात ग. दि. माडगूळकर यांनी याच कथेवर रचलेले आणि आशा भोसले यांनी गायलेले प्रसिद्ध मराठी चित्रपटगीत विचारात घेण्यासारखे आहे. अनेक मराठी मुलांना अँडरसन यांची कथा या गीतातूनच प्रथम भेटते. गीताच्या मर्यादित अवकाशात हिवाळा, झोपडी आणि भटकंती हा भाग वगळला आहे. पिलाचे एकटेपण, भावंडांचा छळ आणि पाण्यातील प्रतिबिंब एवढेच ठेवले आहे. मूळ कथेच्या शेवटी इतर हंस येतात, काठावरची मुले कौतुक करतात. गीतात हे कौतुक नाही. पिलाने स्वतःला ओळखले, येथेच गीत थांबते. त्यामुळे जन्माचा प्रश्न सुटत नसला तरी इतरांच्या मान्यतेवर अवलंबून नसलेला आत्मस्वीकार गीतात अधिक ठळक होतो.

४.९ कीर्ती आणि अखेरची वर्षे

१८४० नंतर अँडरसन यांच्या कथा जर्मन, इंग्रजी व इतर भाषांत गेल्या. मायदेशापेक्षा परदेशात त्यांचा अधिक गौरव झाला. १८४७ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांची चार्ल्स डिकन्स यांच्याशी भेट झाली. १८५७ मध्ये ते डिकन्स यांच्या घरी पाहुणे म्हणून गेले आणि पाच आठवडे राहिले. या दीर्घ मुक्कामाने यजमान कंटाळले. त्यानंतर डिकन्स यांनी पत्रव्यवहार थांबवला आणि आपले काय चुकले, हे अँडरसन यांना उमगले नाही. राजेरजवाड्यांत वावरणारा हा लेखक मनाने अजूनही परक्याच्या दारात उभा होता.

६ डिसेंबर १८६७ रोजी ओडेन्सने त्यांना सन्माननीय नागरिकत्व दिले आणि गावात रोषणाई केली. एका भविष्य सांगणाऱ्या बाईने आपल्या लहानपणी असेच भाकीत केले होते, अशी आठवण त्यांनी आत्मचरित्रात नोंदवली होती. ज्या गावात त्यांची टर उडवली गेली, त्याच गावाने हा सत्कार केला. समारंभाच्या वेळी मात्र ते दातदुखीने हैराण होते. यकृताच्या कर्करोगाने ४ ऑगस्ट १८७५ रोजी कोपनहेगनजवळ, मेल्चिऑर या स्नेही कुटुंबाच्या घरी त्यांचे निधन झाले.

१९५६ पासून बालसाहित्यातील सर्वोच्च समजला जाणारा आंतरराष्ट्रीय पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. १९६७ पासून २ एप्रिल हा त्यांचा जन्मदिन आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून साजरा होतो.

४.१० सारांश

दारिद्र्य, रूपाविषयीचा न्यूनगंड, शाळेतील उपहास आणि अपूर्ण प्रेम यांतून अँडरसन यांची संवेदना घडली. त्यांनी बालकथेला बोलभाषेचा सूर दिला आणि वेगळे असण्याची वेदना तिच्या केंद्रस्थानी आणली. ‘छोटी जलपरी’मध्ये स्वीकारासाठी स्वतःला गमावणारे पात्र आहे, तर ‘कुरूप बदकपिल्लू’मध्ये स्वतःला ओळखणारे पात्र आहे. लेखकाला स्वतःला मात्र इतरांच्या मान्यतेची भूक अखेरपर्यंत सुटली नाही. त्यांच्या पात्राला जे साधले ते त्यांना पूर्णपणे साधले नाही. ही विसंगती लक्षात ठेवून वाचल्यास त्यांच्या कथांमधील करुणा अधिक नेमकेपणाने कळते आणि मुलांच्या हाती त्या देताना कोणत्या प्रश्नांची चर्चा करावी, हेही स्पष्ट होते.

स्वाध्याय

१) अँडरसन यांच्या बालपणातील कोणते अनुभव त्यांच्या कथांत रूपांतरित झाले? सोदाहरण लिहा.
२) ‘छोटी जलपरी’ आणि ‘कुरूप बदकपिल्लू’ या कथांतील आत्मस्वीकाराच्या कल्पनांची तुलना करा.
३) ‘कुरूप बदकपिल्लू’ या कथेच्या शेवटावरील दोन आक्षेप सांगून आपले मत मांडा.
४) उपक्रम : आपल्या परिसरातील पाच मुलांना ही कथा सांगा. पिल्लू हंस निघाले नसते तर गोष्ट कशी संपली असती, हे त्यांना विचारा आणि त्यांच्या उत्तरांची नोंद करून एक पृष्ठाचे टिपण तयार करा.